डग्लस एंगेलबार्ट यांच्या संशोधनात माउस आणि नेटवर्क यांचा काय संबंध होता?

डग्लस एंगेलबार्ट यांची ओळख सगळीकडे माउसचे जनक अशी करून दिली जाते, मग अर्पानेटच्या (इंटरनेटच्या आधीच्या अमेरिकी संगणक-जाळ्याच्या) आरंभीच्या इतिहासातही त्यांचे नाव का येते, असे आपण विचारले आहे. मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवतो. माझ्या मते नेटवर्क आणि इंटरफेस (माणूस ज्यातून संगणकाशी व्यवहार करतो ती साधने व पडदा) ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत हा आपला आजचा समज आहे; एंगेलबार्ट यांच्या दृष्टीने तो एकच प्रश्न होता.

१९५७ साली ते कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. १९६२ साली अमेरिकी हवाई दलाच्या अर्थसाहाय्याने त्यांनी एक दीर्घ अहवाल लिहिला. गुंतागुंतीचे प्रश्न सोडवण्याची माणसाची क्षमता संगणकाच्या मदतीने कशी वाढवता येईल, हा त्याचा विषय होता. बहुतेक ठिकाणी छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा संगणक-कक्षात सोपवून निकालाची वाट पाहत बसावे लागे, त्या काळात पडद्यासमोर बसून मजकूर लिहावा, हलवावा, जोडावा आणि तोच मजकूर सहकाऱ्यालाही हाताळता यावा, असा विचार त्यांनी मांडला.

माउस हा या आराखड्याचा एक लहानसा भाग. पडद्यावरच्या अक्षरावर नेमके बोट ठेवायला कोणते साधन बरे, हे ठरवण्यासाठी त्यांच्या गटाने प्रकाशलेखणी, जॉयस्टिक, टेबलाखाली बसवलेला गुडघ्याने हलवायचा दांडा आणि एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली तयार केलेला लाकडी ठोकळा यांची रीतसर तुलना केली. ठोकळ्याच्या तळाशी एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके होती. एक आडवी हालचाल मोजी, दुसरे उभी. नवशिक्यांच्या बाबतीत गुडघ्याचे साधनही वेगात मागे नव्हते (हे वाचून विद्यार्थी नेहमी चकित होतात), परंतु हात बसलेल्यांमध्ये माउस सरस ठरला. एंगेलबार्ट यांचे लक्ष कायम या हात बसलेल्या माणसाकडे होते. म्हणूनच त्यांनी डाव्या हातासाठी पाच पट्ट्यांचा वेगळा कळफलक ठेवला, ज्यावर अनेक पट्ट्या एकदम दाबून एकेक अक्षर उमटवायचे असे. तो शिकायला कष्ट पडत, आणि माझ्या मते त्यांची प्रणाली बाहेरच्या जगात फारशी न रुजण्याचे तेच मोठे कारण होते.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत त्यांनी दीड तासाचे जे प्रात्यक्षिक दाखवले, त्यात ही एकसूत्रता स्पष्ट दिसते. संगणक सभागृहात नव्हताच. तो सुमारे ४८ किलोमीटर दूर मेन्लो पार्कमध्ये होता. तिकडची दृश्ये सूक्ष्मलहरींच्या दुव्यांवरून येत होती आणि एंगेलबार्ट यांच्या हातातील कळफलक व माउस यांचे संकेत सेकंदाला १,२०० बिट वाहून नेणाऱ्या घरगुती बनावटीच्या मोडेमवरून तिकडे जात होते. त्यांचे सहकारी बिल पॅक्सटन मेन्लो पार्कमध्ये बसले होते. त्यांचा चेहरा पडद्याच्या एका कोपऱ्यात दिसत असताना दोघे एकाच मजकुरावर काम करत होते.

अर्पानेटची आखणी सुरू झाली तेव्हा, १९६७ साली, आपला संगणक इतरांना वापरू देण्यास अनेक संशोधक नाखूश होते. एंगेलबार्ट यांनी मात्र नेटवर्कचे माहिती केंद्र चालवण्याची जबाबदारी आपणहून मागून घेतली, कारण आपली प्रणाली दूरवरच्या लोकांकडून वापरून घेण्याची अशी संधी त्यांना दुसरीकडे मिळाली नसती. त्यामुळे त्यांची प्रयोगशाळा अर्पानेटला जोडले गेलेले दुसरे ठिकाण ठरली. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसमधील विद्यापीठातून चार्ली क्लाइन मेन्लो पार्कच्या संगणकाशी जोडणी करण्यासाठी ‘लॉगिन’ हा शब्द टंकित करू लागले. ‘एल’ आणि ‘ओ’ पोहोचले, ‘जी’वर यंत्रणा कोसळली. मेन्लो पार्कच्या संगणकात शब्द ओळखून उरलेली अक्षरे स्वतःच पुरी करण्याची सोय होती. एकेका अक्षराच्या अपेक्षेने लिहिलेल्या जोडणीच्या प्रोग्रामला एकदम आलेली अक्षरे झेपली नाहीत. सुमारे तासाभरात दुरुस्ती होऊन जोडणी जमली. माणसाच्या सोयीसाठी केलेली एक गोष्ट नेटवर्कच्या पहिल्याच संदेशाला आडवी आली, हा तपशील मला फार बोलका वाटतो.

याच गटातील जेफ रुलिफसन यांनी त्याच वर्षी जूनमध्ये लिहिलेले टिपणही आपण अवश्य पाहावे. अर्पानेटच्या तांत्रिक टिपणांच्या मालिकेतील ते पाचवे. प्रत्येक कळ दूरच्या संगणकापर्यंत जाऊन परत येईपर्यंत माणसाने थांबायचे का, हा प्रश्न त्यामागे आहे. त्यावरचा उपाय असा की काम सुरू होतानाच दूरच्या संगणकाने इंटरफेसचा प्रोग्राम इकडे पाठवावा आणि कळा-पडद्याचा व्यवहार इकडच्याच यंत्राने सांभाळावा. त्यासाठी टिपणात सुचवलेली प्रोग्राम लिहिण्याची भाषा प्रत्यक्षात रुजली नाही, तरी आजचा ब्राउझर संकेतस्थळाचा प्रोग्राम उतरवून घेऊन आपल्याच यंत्रावर चालवतो, तो याच जातीचा मार्ग आहे.

१९६८ च्या प्रात्यक्षिकाचे चित्रमुद्रण इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. आपला प्रश्न नेटवर्कविषयी असल्यामुळे माउस दाखवण्याचा प्रसिद्ध भाग पाहून थांबू नका. पॅक्सटन पडद्यावर येतात तो पुढचा भाग आपल्या अधिक कामाचा आहे.