४०४६ वर मोटर लॉक होते, पण वेग वर-खाली होत राहतो

मोटरचा वेग स्थिर ठेवायला तुम्ही ४०४६ (रेफरन्स आणि मोटरच्या पल्सची फेज जुळवणारी पीएलएल आयसी) वापरलीत; ती लॉक होते, पण वेग डोलत राहतो, असं तुम्ही विचारलंत. तुमची जोडणी अशी दिसते: १२ व्होल्टला ३००० आरपीएम देणारी डीसी मोटर, ६० खाचांची चकती, ३२७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलवरून ४०६० ने (ऑसिलेटर आणि भागाकार करणारी आयसी) दिलेले २०४८ हर्ट्झ, म्हणजे अपेक्षित वेग २०४८ आरपीएम. फिल्टरला (४०४६ च्या पिन १३ वरचे फेजच्या चुकीचे पल्स सपाट करणारा भाग) R1 ४७० के, R2 ४७ के, C २.२ मायक्रोफॅरड.

आयसी ठीक आहे, लूपचा गेन (चुकीला मिळणाऱ्या प्रतिसादाची पट) फार जास्त आहे आणि फिल्टरची जुळणीही चुकली आहे. इथे व्हीसीओच्या (व्होल्टेजने फ्रीक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरच्या) जागी मोटर आहे (४०४६ ची पिन ५ प्लसला जोडून आतला व्हीसीओ बंदच ठेवा) आणि मोटर जडत्वामुळे मागे राहते. थेट व्होल्टेज देऊन वेग ६३ टक्क्यांवर यायला किती वेळ लागतो ते (मोटरचा टाइम कॉन्स्टंट) मोजा, ०.१ सेकंद धरू. तुमचा R2×C नेमका तेवढाच आहे. पुस्तकी सल्ला म्हणून ‘पोल कॅन्सल’ केलात, म्हणजे मोटरची दिरंगाई फिल्टरने खोडली, पण मग मागे दोन इंटिग्रेटर (चूक साठवत जाणारे टप्पे: फिल्टर आणि मोटरची फेज) उरतात आणि फेज मार्जिन (लूप डोलायला लागण्यापूर्वीची राखीव फेज) शून्यावर येतं. R2×C मोटरच्या टाइम कॉन्स्टंटच्या दहापट हवा; योग्य गेनला मार्जिन ५५ अंशांच्या आसपास मिळतं.

चकती बदलू नका. तिचे पल्स ४०२४ या काउंटर आयसीने १६ ने भागा आणि रेफरन्स ४०६० च्या पिन १४ वरून, १२८ हर्ट्झचा घ्या. वेग तोच राहतो, गेन सोळापट उतरतो. फिल्टरला R1 १.८ मेग, R2 ४७० के, C २.२ मायक्रोफॅरड. C फिल्मचाच, कारण लॉकमध्ये ४०४६ ची पिन १३ बहुतेक वेळ तरंगती असते आणि इलेक्ट्रोलिटिकची गळती फेज सरकवते. पुढचा ऑप-अँपही फेट इनपुटचा (जवळपास करंट न घेणारा).

मुख्य व्होल्टेज (इथे साधारण ८.२) पॉटवरून द्या, पीएलएलची दुरुस्ती सहापट कमी करून फक्त ±१ व्होल्ट मिळवा. त्यामुळे सुरुवातीला कॅपॅसिटर टोकाला गेला तरी वेग फार उसळत नाही. मात्र ±२५० आरपीएमपलीकडची चूक हा लूप भरून काढणार नाही. लोड बराच बदलत असेल तर मर्यादा थोडी वाढवा, पण मग R1 ही त्याच पटीत वाढवा.

मोटरला टीआयपी१२२ ट्रान्झिस्टरचा एमिटर फॉलोअर (मोटर एमिटरवर), ऑप-अँप आणि ट्रान्झिस्टर दोन्ही १८ व्होल्टवर. मोटर कलेक्टरमध्ये टाकलीत तर करंट ड्राइव्ह होतो, बॅक ईएमएफचं (फिरत्या मोटरमध्येच तयार होणाऱ्या उलट व्होल्टेजचं) डॅम्पिंग जातं.

रेफरन्स ४०४६ च्या पिन १४ ला, चकतीचे पल्स ४०१०६ (श्मिट ट्रिगर) मधून साफ करून, भागून ४०४६ च्या पिन ३ ला. उलटं झालं तर मोटर पूर्ण वेगाकडे पळते किंवा मंदावते. ब्रशच्या ठिणगीतून एक खोटा पल्स आला तरी ४०४६ चा दुसरा फेज कंपॅरेटर (पिन १३ वाला) त्याला खरा मानतो, म्हणून मोटरच्या टर्मिनलवरच ०.१ मायक्रोफॅरड लावा. स्कोपवर ४०४६ ची पिन १ पाहा: लॉकमध्ये ती वरच राहून फक्त बारीक खाली टोकं दाखवते.