पेपरमिंट तेल आणि डोकेदुखी

प्रश्न : डोके दुखल्यास पेपरमिंट तेल कपाळाला लावावे का? ते लहान मुलांना चालते का?

उत्तर : ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीत त्याचा उपयोग होतो. या तेलातील मेन्थॉल त्वचेतील थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना उद्दीपित करते, त्यामुळे त्वचेचे तापमान फारसे न घटताही गारवा जाणवतो आणि वेदनेची तीव्रता कमी भासते. मात्र शुद्ध तेल थेट लावू नये. 5 मिलिलिटर बदामतेलात 2 थेंब पुरेसे आहेत, आणि डोळे जपावेत. पोटाच्या तक्रारींसाठी या तेलाच्या कॅप्सूल मिळतात, परंतु छातीत जळजळ होत असलेल्यांनी त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. तान्ह्या आणि लहान मुलांच्या नाकाजवळ किंवा चेहऱ्यावर हे तेल कधीही लावू नका, कारण मेन्थॉलमुळे त्यांचा श्वास अडखळू शकतो. सर्दीत घरोघरी सर्रास केला जाणारा हा उपाय मला अत्यंत धोक्याचा वाटतो.