भरीव मातीची आकृती भट्टीत फुटली, ती खरंच हवेच्या बुडबुड्यामुळे?

तुम्ही लिहिलंय की वीतभर उंचीची बसलेली बाई हाताने घडवली, आठवडाभर सुकवली आणि भट्टी उघडली तर आत नुसत्या ठिकऱ्या. आत हवेचा बुडबुडा राहिला असणार, असं सगळे सांगतायत. मी गेली बरीच वर्षं मातीत माणसंच घडवते, त्यामुळे माझ्याही ठिकऱ्या भरपूर झाल्यात. बुडबुड्याला मात्र उगाच बदनाम केलंय. हवा हजार अंशांपर्यंत तापली तरी चौपट-पाचपट फुगू पाहते, आणि कच्च्या मातीच्या छिद्रांतून सावकाश निघूनही जाते. पाण्याची वाफ होते तेव्हा आकारमान सोळाशे-सतराशे पट वाढतं. तुमची बाई पाण्याने फोडली.

भरीव आकृतीत कमरेपाशी सहज पाच-सहा सेंटीमीटर जाडी होते. वरून खडखडीत वाटली तरी पोटात ओल असते. गालाला लावून बघा. थंड लागली तर अजून वाळलेली नाही. वाळली असं वाटल्यावरही मी भट्टी ८०-९० अंशांवर काही तास तशीच ठेवते, आणि झरोक्यापाशी धरलेल्या आरशावर वाफ धरेनाशी झाली की मगच पुढे जाते. ६०० अंशांपर्यंतही घाई नको. मातीच्या रचनेत बांधलेलं पाणी साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान सुटतं, शिवाय ५७३ अंशांना त्यातली गारगोटी एकदम किंचित प्रसरण पावते.

पण खरा उपाय भट्टीत नाही, घडवण्यात आहे. आकृती पोकळ करा, भिंत एक-दीड सेंटीमीटरची. त्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे काठीच्या आधाराने भरीव घडवायची, माती चामड्याइतकी घट्ट झाली की तारेने कापायची, आतून कोरायची आणि कडा खरवडून, पातळ मातीचा घोळ लावून पुन्हा जोडायची. (काठी कोरण्याआधी काढा. माती आकसते, काठी आकसत नाही.) दुसरी म्हणजे पायापासून मातीच्या वळ्या, म्हणजे दोरीसारख्या लांब गुंडाळ्या, एकावर एक रचत वर जायचं. चेहरा सगळ्यात शेवटी येतो आणि सुरुवातीला हे फार जाचतं, कारण आपल्याला आधी चेहराच करायचा असतो.

तरी माझं मत दुसऱ्या रीतीला. भरीव मातीवर आपण मांस बाहेरून चिकटवत जातो, पोकळ आकृतीत एक हात आत असतो. पोट आतून ढकललं की ते आतून फुगल्यासारखंच दिसतं. गाल, गुडघा, म्हाताऱ्या बाईची पाठ, सगळं तसंच. तो ताण बाहेरून माती थापून मला कधीच साधला नाही. एका वळीचं वजन पेलण्याइतकी खालची घट्ट होईपर्यंत थांबावं लागतं. मी एकदा घाई केली आणि उभी बाई सकाळी बसलेली सापडली.

हे काही नवं नाही. चीनमधल्या शीआनजवळ १९७४ साली सापडलेल्या मातीच्या सैन्यातल्या उभ्या सैनिकांचे पाय भरीव आहेत, धड वळ्यांचं आणि पोकळ, डोकी वेगळी करून बसवलेली. रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयातलं मातीच्या शवपेटीवरचं इट्रुस्कन (इटलीतल्या एका प्राचीन लोकांचं) जोडपं, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातलं, चार तुकड्यांत भाजलंय. त्यामुळे कापणं म्हणजे फसवणूक, असा संकोच सोडा. उलट चेक प्रजासत्ताकातल्या दोल्नी व्हेस्तोनित्से इथे सापडलेली भाजक्या मातीची बाई पंचवीस हजारांहून अधिक वर्षं जुनी आणि जेमतेम ११ सेंटीमीटर उंच. एवढ्या लहान आकाराला पोकळ करायची गरज नाही, नीट वाळवली की झालं.

हातांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण फुटण्यातून वाचलेली आकृती इथे तडकते. वाळताना आणि भाजताना मिळून माती साधारण दहा टक्के आकसते, पण सगळीकडे एकाच वेळी नाही. बोटं आधी वाळतात, खांदा ओला राहतो आणि काखेत तडा जातो. बोटं, नाक, कान प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा आणि धडाला पुढे जाऊ द्या. डोकं बंद करताना एक भोक ठेवा, नाहीतर आतली ओल नीट सुकत नाही. मी ते कानात ठेवते, कुणाला कळत नाही.

आणि त्या ठिकऱ्या टाकू नका. भट्टी पूर्ण तापवली असेल तर त्या भाजल्या गेल्याच आहेत. तोंडावर मास्क लावा, कुटून चाळून घ्या आणि पुढच्या मातीत वजनाने पाचवा हिस्सा मळा. यालाच ग्रॉग म्हणतात. त्याने माती कमी आकसते, ओलीला बाहेर पडायला वाट मिळते आणि जाड भिंतही तगते.