आयसीयूत पेशंटला पहिल्यांदा बसवताना

व्हेंटिलेटर आहे एवढ्यावरून पेशंटला झोपवून ठेवू नकोस. आधी आकडे बघ: एफआयओटू (दिलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) ०.६ च्या आत, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात ठेवलेला दाब) १० पर्यंत, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९० च्या वर. सांगितलेलं ऐकतोय ना, तेही बघ. नॉरअ‍ॅड्रेनलिन (बीपी टिकवणारं औषध) वाढवावं लागत असेल तर आज फक्त पलंगावरचे व्यायाम.

मग नळ्या. खरा वेळ इथेच जातो, जाऊ दे. पाय सोडणार त्या बाजूला लघवीची पिशवी आण, सर्किट (व्हेंटिलेटरच्या नळ्या) सैल ठेव. एकाने फक्त ईटी ट्यूब (श्वासनलिकेतली नळी) सांभाळायची, दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही.

डोक्याकडची बाजू वर करून दोन-तीन मिनिटं थांब. घाई केली की रक्त पायांत उतरतं, बीपी पडतं. बसवल्यावर आर्टेरिअल लाइनचा (धमनीतल्या नळीचा) ट्रान्सड्यूसर, म्हणजे बीपी मोजणारा सेन्सर, पुन्हा हृदयाच्या पातळीला लाव. नवखे हे हमखास विसरतात. तो १० सेंमी खाली राहिला तर बीपी साधारण ७ ने जास्त दिसतं; पेशंट पांढरा पडतोय आणि मॉनिटर खुशाल!

सॅच्युरेशन ८८ च्या किंवा मीन (सरासरी) बीपी ६५ च्या खाली गेलं, चक्कर आली, तर लगेच आडवं कर. बसल्या बसल्या गुडघा सरळ करून पाय तोलता येत नसेल, तर उभं करायची घाई नको, गुडघे दुमडतात.