वाचकांचे प्रश्न : कीवर्ड मेटा टॅग भरावा की सोडून द्यावा?

प्रश्न : सायकलींची देखभाल व दुरुस्ती या विषयावर मी मराठीतून एक संकेतस्थळ चालवतो. त्यावर सुमारे साठ लेख आहेत. ज्यांनी संकेतस्थळ तयार करून दिले, त्यांनी प्रत्येक पानाच्या कोडमध्ये कीवर्ड मेटा टॅग (पानावर न दिसणारी, शोधयंत्राला विषय सांगणारी शब्दांची यादी) घालून त्यात वीस-पंचवीस शब्द भरले आहेत. पंक्चरच्या लेखात 'सायकल, सायकल दुरुस्ती, सायकल दुरूस्ती, सायकल रिपेअर, पंक्चर, पंचर' अशी यादी असून तिच्या शेवटी एका नामांकित सायकल कंपनीचे नावही आहे. आता याद्या वाढवून देण्यासाठी ते वेगळे शुल्क मागत आहेत. याने शोधातील क्रमांक सुधारेल का? आणि नसेल सुधारणार, तर 'पंचर'सारखी बोलण्यातली रूपे घालायची कुठे? नमुन्यादाखल काही पानांचा कोड सोबत जोडला आहे.

उत्तर : क्रमांक सुधारणार नाही; तेव्हा शुल्क देऊ नये. वेबशोधातील क्रमवारी ठरवताना आपण हा टॅग वापरत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर निवेदन काढून सांगितले आणि ती भूमिका आजही कायम आहे. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्रानेही त्याचे क्रमवारीतील मोल संपल्याचे सांगितलेले आहे. रशियन शोधयंत्र यांडेक्सच्या मार्गदर्शिकेत हा टॅग विचारात घेतला जाऊ शकतो असा उल्लेख आढळतो. परंतु मराठी लेखांचे वाचक तेथून येण्याची शक्यता फारशी नाही.

हा टॅग मुळात वेडगळ कल्पनेतून आलेला नव्हता. डिसेंबर १९९५ मध्ये सुरू झालेले अल्टाव्हिस्टा किंवा त्याच काळातले इन्फोसीक यांसारखी शोधयंत्रे प्रामुख्याने पानावरच्या मजकुरावर विसंबून असत, आणि लेखकानेच आपल्या पानाचा विषय चार शब्दांत सांगितला तर यंत्राचे काम सोपे होईल, ही अपेक्षा ग्रंथालयातील विषयसूचीच्या कार्डाइतकीच रास्त होती. फरक एवढाच की ग्रंथालयात कार्ड ग्रंथपाल लिहितो आणि येथे ते ज्याला गिऱ्हाईक हवे आहे तोच लिहीत होता. शिवाय त्याने लिहिलेले हे शब्द पान उघडणाऱ्याला दिसतच नव्हते. मग एकच शब्द पन्नास वेळा लिहिणे, पानाशी काडीचाही संबंध नसलेले लोकप्रिय शब्द घुसडणे, प्रतिस्पर्ध्याचे नाव घालणे हे सगळे ओघानेच आले. २००२ मध्ये अल्टाव्हिस्टानेही या टॅगचा नाद सोडला. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गूगलने तर पानाचा मालक स्वतःविषयी काय म्हणतो यापेक्षा इतर पाने त्याच्याकडे किती व कोणत्या शब्दांत दुवे देतात, यावरच आपली उभारणी केली होती.

त्या कंपनीचे नाव मात्र आजच काढून टाकावे. लेखात तिच्याविषयी अवाक्षर नसताना ते तेथे असणे अप्रामाणिकपणाचे आहे, आणि अशा प्रकारांवरून खटलेही झाले आहेत. १९९९ मध्ये अमेरिकेतील नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ब्रुकफील्ड कम्युनिकेशन्स विरुद्ध वेस्ट कोस्ट एंटरटेनमेंट या खटल्यात असा वापर म्हणजे हमरस्त्यावर दुसऱ्याच्या दुकानाच्या नावाची दिशाभूल करणारी पाटी लावण्यासारखे आहे, असे म्हटले होते. उरलेल्या याद्या काढण्याची घाई नाही; त्या निरुपद्रवी आहेत. कोणीही कंट्रोल आणि यू या कळा दाबून पानाचा स्रोत उघडू शकतो, त्यामुळे आपण कोणत्या शब्दांच्या मागे आहात हे प्रतिस्पर्ध्याला त्यांतून आयतेच कळते, एवढाच त्यांचा आज उरलेला उपयोग, आणि तोही आपल्याला नव्हे.

आपण पाठवलेला कोड वाचताना खरी अडचण मला वेगळ्याच ठिकाणी दिसली. नमुन्यातील प्रत्येक पानाच्या टायटल टॅगमध्ये 'मुखपृष्ठ' हा एकच शब्द आहे. शोधाच्या निकालात जी ठळक ओळ दिसते ती बहुधा याच टॅगवरून घेतली जाते, आणि तेथे पंक्चर, चेन व ब्रेक या तिन्ही लेखांची ओळख 'मुखपृष्ठ' अशीच आहे. पंक्चरच्या लेखाचा ठळक मथळाही 'चाकाचे दुखणे' असा आहे. साहित्यिक दृष्ट्या तो मला आवडला, पण चाक बसलेला माणूस हे शब्द टंकणार नाही. टायटलमध्ये 'सायकलचे पंक्चर घरच्या घरी कसे काढावे' असे लिहावे आणि 'चाकाचे दुखणे' हवे असल्यास उपशीर्षकात ठेवावे.

'पंचर'चा प्रश्न याच अंगाने सुटतो. पहिल्याच परिच्छेदात 'सायकल पंक्चर झाली, किंवा बोलीत म्हणतो तशी पंचर झाली, तर आधी ट्यूबचा वॉल्व्ह तपासावा' असे वाक्य आले, की दोन्ही रूपे वाचकाच्या डोळ्यांसमोर आणि म्हणून शोधयंत्रासमोरही आली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र मुद्दाम छापू नयेत. आजची शोधयंत्रे शब्दांची जवळची रूपे बऱ्याच अंशी ओळखतात आणि प्रत्येक रूप हाताने पुरवण्याची गरज नाही, असे गूगलच्या मार्गदर्शिकेतही म्हटलेले आहे. आणि कीवर्ड टॅगमधली यादी तशीच उचलून लेखाच्या तळाशी, पार्श्वभूमीच्याच रंगात ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. दडवलेला मजकूर आणि शब्दांची भरताड हे दोन्ही गूगलच्या नियमांनुसार स्पॅम ठरते.

प्रश्न : मग सगळेच मेटा टॅग टाकाऊ समजावेत का? (दुसऱ्या एका वाचकाकडून)

उत्तर : नाही. डिस्क्रिप्शन टॅगने, म्हणजे कोडमध्ये लिहिलेल्या पानाच्या गोषवाऱ्याने, गूगलवरील क्रमांक वाढत नाही, परंतु निकालातील शीर्षकाखालच्या दोन ओळी पुष्कळदा त्यातून घेतल्या जातात, आणि त्या वाचूनच माणूस आत यायचे की नाही ते ठरवतो. म्हणून प्रत्येक पानासाठी तो वेगळा आणि खरा लिहावा. पानाचे काय करावे हे शोधयंत्राला सांगणाऱ्या रोबोट्स टॅगच्या बाबतीत मात्र हयगय चालत नाही. त्यात 'नोइंडेक्स' असेल तर शोधयंत्र ते पान सूचीत घेतच नाही. माझे स्वतःचे एक संकेतस्थळ महिनाभर शोधात दिसत नव्हते आणि मी लेखांतले शब्द बदलत बसलो होतो. बांधणी चालू असताना घातलेला 'नोइंडेक्स' काढायचा राहून गेला होता. तो काढल्यावरही पाने लगेच दिसू लागली नाहीत, कारण शोधयंत्राच्या क्रॉलरने (पाने वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामने) प्रत्येक पान पुन्हा येऊन वाचेपर्यंत थांबावे लागते.