फॉर्मॅट मारण्याआधी कॅप्स लॉक दाबून बघा

प्रश्न : माझ्याकडे २०१८चा लॅपटॉप आहे, विंडोज १०. सुरू होतो, पासवर्ड घेतो, डेस्कटॉप दिसतो आणि दोन-तीन मिनिटांत हँग. बाण फिरतो, पण क्लिक केलं की काही होत नाही. मग पॉवरचं बटण दाबून धरून बंद करते. सोसायटीच्या मेन्टेनन्सचा हिशोब आणि मुलीच्या लग्नाचे फोटो त्यातच आहेत. स्टेशनजवळचा दुकानदार म्हणतो, ‘फॉर्मॅट मारू, नव्यासारखा होईल.’ देऊ का? – एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : ताई, आत्ता तरी नका देऊ. फॉर्मॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं, ही आमच्या धंद्यातली तापाची गोळी झाली आहे. पेशंटचा पाय मोडलेला असला तरी आधी तीच हातावर ठेवतात.

तुमच्या पत्रातलं ‘बाण फिरतो’ हे फार कामाचं आहे. पुढच्या वेळी हँग झाला की कॅप्स लॉक दाबा. त्याचा बारीक दिवा लागत-विझत असेल तर विंडोज आतून जागं आहे, कशाची तरी वाट बघत बसलंय. दिवाही ढिम्म राहिला तर मग रॅम, तापमान, मदरबोर्ड इकडे बघावं लागतं. तुमच्याकडे बहुधा पहिला प्रकार निघेल.

वाट कशाची, तेही कळतं. डेस्कटॉप आल्या आल्या कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘डिस्क’. आलेख १०० टक्क्यांना चिकटलाय, खाली वेग मात्र जेमतेम काही केबी आणि ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ हजारो मिलिसेकंदांत, असं दिसलं तर संशय थेट हार्ड डिस्कवर. त्या वेळच्या स्वस्त लॅपटॉपांत सर्रास ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ५४०० फेऱ्यांची, फिरती डिस्क असायची. तिचा एखादा भाग खराब झाला की ती तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत बसते आणि विंडोज तिच्या तोंडाकडे बघत राहतं. बाण हलवायला डिस्क लागत नाही, फोल्डर उघडायला लागते. अशा डिस्कवर फॉर्मॅट मारला तर चार दिवस बरं वाटेल, आणि हिशोब गेला तो गेलाच.

म्हणून आधी डेटा काढा. पासवर्डच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करा. मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट आणि शेवटी ४ दाबा. हा सेफ मोड, यात विंडोज अगदी गरजेपुरतंच सुरू होतं. त्यात टिकला तर सोसायटीची फाइल आधी पेन ड्राइव्हवर घ्या, फोटो नंतर. फोटोंच्या प्रती व्याह्यांकडे तरी असतील, हिशोबाच्या कोणाकडेच नसतात! तिथेही हँग झाला तर डिस्क बाहेर काढून यूएसबी केसिंगमध्ये, म्हणजे यूएसबीने जोडता येणाऱ्या डबीत, घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. ‘चेक डिस्क’ हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चालवा, असं कुणी सांगेल. कॉपी होईपर्यंत नको, मरू घातलेल्या डिस्कला तेवढी दगदगही जड जाते. आणि आतून टक-टक आवाज येत असेल तर काहीच करू नका, लॅपटॉप बंद ठेवून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

मग नवी एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्क, बसवून घ्या. त्या वयाच्या बहुतेक लॅपटॉपांना अडीच इंची, ‘साटा’ जोडणीची एसएसडी चालते, तरी मॉडेल नंबर लिहून न्या. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर चौकशी करा, जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि जुनी डिस्क परत मागून घ्या, त्यात तुमच्या घरचं सगळं आहे. विंडोज नव्याने टाकायचंच आहे तर ११ चालतं का विचारा. १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर साधारणपणे चालतं.

प्रश्न : लॅपटॉप नवा आहे, एसएसडीचा. तरी सुरू झाला की थिजतो. सेफ मोडमध्ये नीट चालतो. – एक विद्यार्थी, परळ

उत्तर : मग डिस्कला दोष देऊ नकोस. सुरुवातीलाच चालू होणारं एखादं सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर (लॅपटॉपचे भाग विंडोजकडून चालवून घेणारं सॉफ्टवेअर) आडवा येतोय. लॅपटॉपसोबत आलेला ट्रायलचा अँटिव्हायरस आणि वर तू टाकलेला दुसरा, असे दोन एकत्र नांदत असतील तर एक काढ. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’मधलं बिनकामाचं सगळं डिसेबल कर, मग एकेक चालू करत बघ. तरी थिजलाच तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाब. पडदा क्षणभर काळा होऊन गाडी पुन्हा चालू लागली तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर तपास. नवा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच उतरव. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं घेऊ नकोस.