कळतं, पण वळत नाही

“ताई, मला सगळं कळतं हो, पण वळत नाही.” माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांचं हेच गाऱ्हाणं असतं. इंदूरच्या लोकमान्य नगरातले एक गृहस्थही ते घेऊन आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय चौतीस, सियागंजात एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस. नोकरी सांभाळून जीएसटी रिटर्नची कामं घ्यायची, असं दोन वर्षं घोकत होते.

सोबत वही होती. समास आखलेला, तीन रंगांची शाई. पहाटे उठणं, आत्मविश्वास, वेळेचं नियोजन. अक्षर इतकं सुबक की कौतुकच वाटलं. रात्री जेवणं झाली की व्हिडिओ, जाता-येता कानात पॉडकास्ट. मी विचारलं, “काम कोणाकडे मागायचं, ते कुठे लिहिलंय?” वहीत एकही नाव नव्हतं.

नाव खरं तर होतं. शेजारच्या हार्डवेअरवाल्या काकांनी आपणहून विचारलं होतं, “आमचं रिटर्न भरशील का रे?” यांनी “बघतो” म्हणून विषय टाळला, तो टाळलाच. कारण? “फी कशी सांगू? रोजचं येणं-जाणं आहे, आईच्या कानावर गेलं तर?”

घरचे याला आळस म्हणत. मला ते पटत नाही. काकांची आठवण झाली की पोटात गोळा यायचा, मग व्हिडिओ लागायचा. आपण काहीतरी करतोय असं वाटून गोळा विरायचा. ही सुटका मेंदूला बरोबर लक्षात राहते, आणि पुढच्या वेळी हात आपोआप मोबाइलकडे जातो. वर भ्रमही असतो: मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन या संशोधकांच्या 2018 मधल्या प्रयोगांत, एखादी करामत व्हिडिओत पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांना ती आपल्याला जमेल असं वाटू लागलं. प्रत्यक्षात मात्र ती काही अधिक चांगली जमली नाही.

व्हिडिओ बंद करा, असं मी सांगितलं नाही. सांगून कोण बंद करतं? आम्ही फीचा आकडा ठरवला आणि वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. पहिल्यांदा त्यांनी शेवटी “तुम्हाला जमेल ते द्या” जोडलं. ते मी काढायला लावलं. मग माझ्यासमोरच फोन लावला. आवाज कापत होता, मध्ये हवापाण्याच्या गप्पाही झाल्या, पण आकडा तोंडून गेला. पलीकडून काका म्हणाले, “एवढे? बरं, पण वीस तारीख चुकवू नकोस.” दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची 3बी या जीएसटी विवरणपत्राची मुदत साधारण 20 तारखेचीच असते.

पुढचं पाऊलही ‘लवकरच’वर सोडलं नाही. कधी आणि कुठे, हे आधी ठरवलं तर काम होण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1999 च्या लेखात मांडलंय. म्हणून ठरलं: रविवारी पोहे खाऊन झाले की थेट काकांकडे, बिलं आणायला.

सगळ्यांचं मात्र असं नसतं. झोप, भूक बिघडलेली असेल, कशातच रस उरला नसेल, तर ही निव्वळ टाळाटाळ नसावी. डॉक्टरांना भेटा किंवा 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, मोफत क्रमांकावर बोला.

हे गृहस्थ अजून येतात. व्हिडिओ अधूनमधून पाहतातच. हल्लीची तक्रार वेगळी आहे: काकांनी दोन महिन्यांची फी थकवली आहे, आणि मागायची कशी?